पदरावरचा आकडा

काटा लोखंडाचा होता. जमिनीत बसवलेला. त्यावर दिवसभर कापडाचे गठ्ठे चढत आणि उतरत. त्या दिवशी त्यावर मी उभी होते.

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये एक नर्सिंग होम होते आणि त्याला लागून कटपीसचे गोदाम. नर्सिंग होममधल्या वजनकाट्याची काडी एकशे वीसवर जाऊन अडकली. तिथला तरुण सहायक डॉक्टर म्हणाला, "इथं नाही व्हायचं. शेजारी चला." शेजारी म्हणजे कुठे, हे त्याने सांगितले नाही. मी त्याच्यामागून निघाले. संस्कृतची शिक्षिका, वय चव्वेचाळीस. कोणी चला म्हटले की निघायचे, एवढे मात्र पक्के शिकलेली.

ती पौर्णिमा होती. पौर्णिमेला माझा उपोसथ असतो. आठ शीले घ्यायची, माध्यान्हानंतर अन्न घ्यायचे नाही, पांढरे वस्त्र नेसायचे. अंबरनाथच्या विहारातून वंदना करून मी तशीच थेट आले होते. अंगावर पांढरी सुती साडी होती.

गोदामात दोन हमाल होते. एकाने काट्याच्या दांडीवरचे वजन सरकवले आणि मोठ्याने वाचले, "एक सौ इकतीस." दुसऱ्याच्या हातात शाईची काडी होती. गठ्ठा तोलला की त्यावर निळ्या शाईने आकडा टाकायचा, हे त्याचे काम. सकाळपासून संध्याकाळपर्यंत हेच. आकडा कानावर पडला आणि त्याचा हात चालला. माझ्या पाठीवरच्या पदरावर त्याने एक काढला. तीन काढला. पुन्हा एक काढला आणि मग त्याला कळले. हात थबकला. पण आकडा पुरा झाला होता.

"अरे ओ, क्या किया ये! माई है, माल थोड़ी है!" शेठ गादीवरून ओरडले. ओरडता ओरडता त्यांनाच हसू फुटले. मग सगळे गोदाम हसले. गठ्ठे बांधणाऱ्या बायकाही हसल्या. तो हमाल तेवढा हसला नाही. तो काडी हातात धरून माझ्याकडे बघत राहिला.

सहायक डॉक्टर म्हणाला, "राहू द्या बाई. बरंच झालं. आकडा विसरायला नको."

आणि मीही हसले. हे लिहिलेच पाहिजे. माझ्यावर हसणाऱ्यांबरोबर मी हसले, कारण न हसण्याचे धैर्य माझ्यात नव्हते.

नर्सिंग होमच्या वरच्या मजल्यावर मोठे डॉक्टर बसले होते. परदेशात शिकलेले, दर शनिवारी मुंबईहून येणारे शल्यचिकित्सक. सहायकाने मला त्यांच्यापुढे नेले आणि म्हणाला, "फिरा."

मी फिरले.

"वन थर्टी वन," डॉक्टरांनी माझ्या पाठीवर वाचले. "गुड."

त्यांनी फॉर्म भरला. "नॉन-व्हेज असणारच," असे स्वतःशीच म्हणत त्या रकान्यात खूण केली. फॉर्मवर माझे आडनाव होते. मी वीस वर्षांपासून शाकाहारी होते. ते मला विचारले गेले नाही आणि मी सांगितले नाही. त्या संबंध भेटीत त्यांनी माझा चेहरा पाहिला नाही.

मी तिथे का गेले, ते सांगते.

माझ्या वडिलांनी छप्पन्न साली धम्मदीक्षा घेतली. ते अंबरनाथला कारखान्यात कामगार होते. मी आठवीत संस्कृत घेतले तेव्हा वर्गावरच्या बाई म्हणाल्या होत्या, "तुझ्या जिभेला जड जाईल. हिंदी घे." मी हिंदी घेतली नाही. रूपे पाठ केली, धातू पाठ केले, पुढे त्याच विषयात पदवी घेतली आणि त्याच गावात संस्कृत शिकवू लागले. ज्या वाणीपासून माझ्या आजीला दूर ठेवले गेले, ती वाणी मी मुलांना अत्यंत श्रद्धेने शिकवली. मला वाटले होते, इथे माझी लढाई संपली.

तिसऱ्या मुलाच्या जन्मानंतर देह वाढत गेला. आधी लुगड्याची गाठ, मग जिना, मग श्वास. शिक्षककक्षात माझ्यासाठी हात नसलेली खुर्ची ठेवली गेली. एका सहकाऱ्याने एकदा चहा ढवळत म्हटले, "बाईंना सवलत चांगली मानवली." सगळे हसले. तेव्हाही मी हसले होते.

पथ्ये केली. मध-लिंबू केले. सहा महिने फक्त ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी खाल्ली. चौदा किलो उतरले आणि वर्षभरात अठरा चढले. साखर वाढली. गुडघे गेले. झोपेत श्वास अडायचा. घशातून असा आवाज यायचा की आमचे हे मला हलवून उठवत आणि मी श्वास घेतला की मगच आडवे होत. कॅम्प पाचमधल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मान खाली घालून सांगितले, "बाई, असंच चाललं तर एक दिवस तुम्हाला उठवता येणार नाही. पोट लहान करायचं ऑपरेशन निघालंय. विचार करा."

मला मरणाची भीती वाटू लागली. ती भीती फार साधी होती. डोळे मिटायचे धाडस होत नसे. मी बुद्धप्रतिमेसमोर बसायची. अनित्यतेवर कितीतरी वाचले होते. सर्व संस्कार नाशवंत आहेत, हे पाठ होते. पण श्वास अडला की पाठ केलेले काहीही आठवत नसे. घाबरलेले एक जनावर तेवढे उरे, आणि ते मी होते.

म्हणून मी गेले. शस्त्रक्रिया विनामूल्य होणार होती, कारण डॉक्टरांना ती गावातल्या इतर डॉक्टरांना शिकवायची होती. तीन आठवड्यांनी प्रात्यक्षिक ठरले. आधी व्याख्यान, दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया.

त्या पहिल्या भेटीत निघताना मी धीर करून विचारले, "सर, यात दोन प्रकार असतात असं ऐकलं. माझ्यावर कोणता करणार?"

"ते आम्ही ठरवू," ते फॉर्मकडे बघत म्हणाले. "तुम्ही फक्त या."

घरी आल्यावर ह्यांनी पदर पाहिला. बादलीत पाणी काढले, त्यात लिंबू पिळले, मीठ टाकले. मी साडी बुडवायला घेतली आणि तशीच परत काढली. घडी घालून कपाटात ठेवली.

"अगं, शाई पक्की होईल," हे म्हणाले.

"होऊ दे."

का ठेवली, ते तेव्हा मलाही सांगता आले नसते.

मग मी ह्यांना म्हणाले, "अहो, मला भीती वाटतेय. ते काय करणार तेच सांगत नाहीत."

"एवढे मोठे डॉक्टर. वर फुकट करतायत. आपण काय विचारणार त्यांना?"

माझा नवरा भला माणूस. त्याच्या वडिलांनाही कोणी विचारू दिले नव्हते.

बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात मंदाताई राहायच्या. शेतकरी घरातल्या. त्यांची मुलगी माझी विद्यार्थिनी. मंदाताईंचे पोट दोन वर्षांपूर्वी मुंबईत लहान केले होते, हे मला त्या मुलीनेच सांगितले. मी एका रविवारी सकाळी गेले.

त्यांनी दार उघडले आणि मला आपादमस्तक पाहिले.

"बाय माझे! बाई, तुमी तं माज्याच बहीन निंगाल्या. या, या. त्या खुर्चीव नको, मोडंल. पलंगाव बसा."

त्यांचे हे बोलणे मला लागले नाही. त्या स्वतःही त्या खुर्चीवर बसत नव्हत्या. पलंगाच्या दुसऱ्या कडेला बसल्या आणि पलंग करकरला.

मी चकित झाले. शस्त्रक्रिया होऊनही त्या पुन्हा जाड होत्या.

"काय केलं होतं तुमचं, मंदाताई?"

"पिना मारल्यान," त्या म्हणाल्या. "पोटाचे वरच्या अंगाला पिना मारून येवढीशी थैली केली. मुठीयेवढी. वहीला पिना मारतान ना, तशा. पयले सा मैने काय विचारू नका. घासभर भात खाल्ला का ओकारी. भाकर तं गिळतच नाय. माजे थोरले लेकीचे लग्नात मी मोरीत बसून ओकत होते, भाईर वरात."

"मग वजन?"

"उतरला ना! चाळीस किलो उतरला. मंग मना कळला, घट्ट खाल्ला तं ओकारी, पन पातळ खाल्ला तं सरसर उतरतं. चा उतरतं. बासुंदी उतरतं. कुल्फी तं आईचे दुधासारकी उतरतं." त्या हसल्या आणि हसता हसता डोळे पुसले. "काय करू बाई, भूक जात नाय. पोट मुठीयेवढा केला, भूक हाय तवढीच."

"दुसरा प्रकार असतो म्हणे. आतडं वळवतात."

"आसंल. माज्या बाजूचे खाटेव एक बाई होती, तिचा तसाच केला. थैली बारीक करून आतडा खाली जोडला. ती बारीक झाली ती झालीच. साखर पन गेली तिची. पन तिला जलमभर गोळ्या, सुया. मधी गोळ्या सोडल्या तं पायाला मुंग्या, चालता येईना. तिचा पत्र आला होता."

"मग तुम्ही हेच का निवडलं?"

मंदाताई माझ्याकडे बघत राहिल्या. जणू मी परक्या भाषेत बोलले.

"निवडला? मना कोनी इचारला? डाक्टर बोलला सही कर, मी सही केली. दोन हायेत ते मना भाईर आल्याव कळला." मग त्यांनी माझा हात धरला. शेतात काम केलेला, खडबडीत हात. "बाई, तुमी शिकलेल्या. तुमी इचारा. आदी इचारा, आसा किती जनांचा केला. त्यातले किती जगले. मी नाय इचारला. तुमी इचारा."

मी तीस वर्षे शास्त्रे वाचली होती. हा प्रश्न मला त्यांतल्या कोणत्याही ग्रंथाने शिकवला नव्हता. परतताना मी तो पाठ केला. मुलांना संथा देते तशी स्वतःला दिली. एकदा, दोनदा, दहादा. पण मला माहीत होते, त्या डॉक्टरांसमोर माझी जीभ उचलणार नाही.

व्याख्यान वरच्या सभागृहात होते. बारा-तेरा डॉक्टर खुर्च्यांवर बसलेले. चहा आणि सामोसे आलेले. मला आतल्या खोलीत साडी उतरवायला सांगितली आणि एक गाऊन दिला. त्याच्या नाड्या माझ्या पाठीवर एकमेकींपर्यंत पोहोचेनात. नर्सने दोन्ही टोके सेफ्टी पिनांनी जोडली, तीही ताणली गेली.

मला एका स्टुलावर बसवले. गाऊन पोटावरून वर घेतला. मांड्यांवर एक चादर टाकली. बाकी सगळे उघडे. समोर सगळे पुरुष. वंदनेला बसते तशी मी मान खाली घातली.

मोठे डॉक्टर इंग्रजीत बोलत होते. भिंतीवर चित्रे पडत होती. मग ते माझ्याजवळ आले. त्यांच्या हातात पेन होते, जाड टोकाचे. त्यांनी माझ्या बरगड्यांखाली एक आडवी रेघ ओढली. "स्टेपलिंग." मग तिच्यापासून खाली एक वाकडी रेघ. "बायपास."

शाई निळी होती.

एका डॉक्टरने सामोसा खाता खाता विचारले, "सर, हिच्यासाठी कुठली?"

"बायपास, ऑफकोर्स," मोठे डॉक्टर म्हणाले. आणि मग, मी तिथे नसल्यासारखे, "स्टेपलिंग नीड्स डिसिप्लिन. दीज पीपल विल नेव्हर फॉलो अ डाएट. सो डू समथिंग दॅट डझन्ट डिपेंड ऑन द पेशंट."

दीज पीपल. ही माणसे.

मला वाटले, आता रडू येईल. आले नाही. पाठीवरची एक पिन तुटली आणि गाऊन सैल झाला. मी पोटावरच्या रेघा पाहत होते. पौर्णिमा, अमावस्या, अष्टमी. वीस वर्षे या तिथींना मी दुपारनंतर अन्नाला शिवले नव्हते. तापात नाही, लग्नघरी नाही. या माणसाने मला शिस्त नाही असे माझे आडनाव वाचून ठरवले होते. आणि उद्या सकाळी तो माझे पोट फाडणार होता.

भीती तर होतीच. पण तिने तोंड फिरवले. आतापर्यंत ती मरणाकडे बघत होती. आता ती या माणसाकडे बघू लागली.

मी म्हणाले, "सर, मला इंग्रजी समजतं."

कोणीतरी कप बशीत ठेवला.

"व्हेरी गुड," ते म्हणाले. प्रथमच त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिले. "मग काय?"

"तुम्ही ही शस्त्रक्रिया आजवर किती जणांवर केली आहे?"

माझा आवाज फाटला होता. पाठ केलेले वाक्य होते, म्हणून पुरे झाले.

"मी परदेशात अनेक पाहिल्या आहेत. साहाय्य केलं आहे."

"स्वतः किती केल्या?"

मग त्यांच्यातल्या शिक्षकाला लपवता आले नाही की काय, त्यांनी खरे सांगितले. "स्वतः करणार ती ही पहिली."

"हे मला कधी सांगणार होता?"

सहायक डॉक्टर पुढे झाला. "बाई, तुमच्यावर लाखमोलाचं काम फुकट होतंय. सर रागावतील. असे चान्स तुमच्यात कोणाला मिळतात?"

"तुमच्यात म्हणजे कोणात?" मी विचारले.

तो मोठ्या डॉक्टरांकडे बघू लागला.

मी नर्सकडे वळले. "ताई, शाई पुसायला काहीतरी द्या."

तिने स्पिरिटचा बोळा दिला. मी त्या सगळ्यांसमोर माझे पोट पुसले. रेघ सहज जाईना. मी पुसत राहिले. कातडी लाल झाली. कोणी सामोसा खाल्ला नाही, कोणी हसले नाही. आणि मीही हसले नाही. आयुष्यात प्रथमच, अपमानाच्या वेळी मी हसले नाही.

मग उठले, चादर धरून आत गेले, साडी नेसले आणि जिना उतरले. मागून शब्द ऐकू आला, "अनग्रेटफुल." सतरा पायऱ्या होत्या. प्रत्येकीवर गुडघा मोडतो की काय असे वाटले.

खाली आल्यावर मला उलटी झाली. भीतीने. त्या भीतीत तिळमात्र फरक पडला नव्हता. झोपेत श्वास अडणारच होता. मी जगण्याची एकमेव संधी लाथाडून आले, असे आमचे हे महिनाभर म्हणत राहिले. मलाही तसेच वाटे. मी बुद्धप्रतिमेसमोर बसून विचारायची, हा माझा अहंकार होता का?

तीन महिन्यांनी मुंबईच्या एका सरकारी रुग्णालयात मला एक शल्यचिकित्सक भेटल्या. चार फेऱ्या मारल्यावर नंबर लागला. बाकावर तासन्‌तास बसले. तिथेही माणसे हसत, तिथेही काटा पुरत नव्हता. पण त्या बाईंनी कागदावर पोटाचे चित्र काढले. कागदावर. पेन माझ्याकडे दिले आणि म्हणाल्या, "आता तुम्ही मला सांगा, काय कळलं?"

मी विद्यार्थिनी झाले. पिना मारण्यात काय, आतडे वळवण्यात काय, ते त्यांना समजावून सांगितले. दोनदा चुकले, त्यांनी सुधारले. मग मी माझा प्रश्न विचारला. त्यांनी किती केल्या ते सांगितले. एक रुग्ण गेला, हेही सांगितले. कसा गेला, ते सांगितले. मी ऐकताना पदराचे टोक पिळत होते.

"माझी साखर बघता तुम्ही काय कराल?"

"मी बायपास सुचवेन. पण आयुष्यभर गोळ्या आणि इंजेक्शनं. एक महिनाही चुकवायचं नाही. जमेल? घरी जा, विचार करा."

मी घरी गेले. पंधरा दिवस विचार केला. मंदाताईंना विचारले, ह्यांना विचारले, रोज सकाळी आसनावर बसून स्वतःला विचारले. आणि बायपास निवडला.

मंदाताई पोट धरून हसल्या. "म्हंजे त्या मेल्याचाच खरा झाला की वो बाई! त्याचाच आपरेशन केलात!"

शस्त्रक्रिया तीच होती. त्याने ती निवडली कारण माझ्यावर विसंबता येणार नाही. मी ती निवडली कारण आयुष्यभर एकही गोळी न चुकवण्याचे व्रत मी पाळू शकते, हे मला ठाऊक होते.

संमतीचा कागद इंग्रजीत होता. इंग्रजी समजत असूनही मी तो नर्सकडून मराठीत वाचून घेतला, एकेक वाक्य, ती कंटाळेपर्यंत. सही करताना हात इतका कापत होता की माझे नाव मलाच वाचता आले नाही. भूल देण्याआधी मी त्रिसरण म्हणू लागले. 'धम्मं सरणं'पाशी शब्द विसरले. भीतीच तेवढी आठवत होती.

त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. मी म्हातारी झाले. दर महिन्याला सुई घेते. एकही चुकलेली नाही. देह हलका झाला, कातडी लोंबते, केस गेले, गोड खाल्ले की अंगाला दरदरून घाम सुटतो आणि भिंत धरावी लागते. हे सगळे मला आधी सांगितलेले होते.

पौर्णिमेला मी तीच पांढरी साडी नेसते. ती आता मला दोनदा गुंडाळता येते. पाठीवर निळा आकडा येईल असा पदर घेते. विहारातल्या बायका म्हणतात, "आई, हा डाग जात नाही का?"

मी सांगते, जाईल. मी घालवत नाही.

अंबरनाथला, बदलापूरला, कॅम्प पाचला, कोणत्याही बाईला पोट कापायला सांगितले, गर्भाशय काढायला सांगितले, की ती मला बोलावते. मी जाते. गुडघे दुखतात, तरी जाते. डॉक्टरांच्या समोरच्या खुर्चीवर तिच्या शेजारी बसते. माझे तोंड अजून कोरडे पडते. हात अजून कापतात. मला अजून त्या खुर्च्यांची, त्या पांढऱ्या डगल्यांची, त्या इंग्रजीची भीती वाटते. ती जायची वाट पाहणे मी सोडले आहे.

कापऱ्या आवाजातच मी विचारते, "डॉक्टर, हे तुम्ही स्वतः किती जणांवर केलं आहे?"

उत्तर मिळेपर्यंत मी उठत नाही. आणि तिला सही करू देत नाही.